प्रकल्प नोंदी: समाजमंदिर, संध्याकाळी साडेसात, एनडीएचं गणित

३१ मे २०२५, शनिवार

काल खडकवासल्याला एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, १४८व्या कोर्सचं पासिंग आऊट परेड झालं. टीव्हीवर आम्ही सगळे बघत बसलो होतो. खेत्रपाल मैदानावर मुलांच्या बरोबरीनं १७ मुली चालल्या. एनडीएतून बाहेर पडणारी ही मुलींची पहिली तुकडी. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं परीक्षेचं दार मुलींना उघडलं, त्याच नोव्हेंबरात मुली पहिल्यांदा परीक्षेला बसल्या, आणि तीन वर्षांचं ट्रेनिंग संपवून काल त्या 'अंतिम पग' ओलांडून गेल्या. परेड संपलं तरी धाकट्या भावाची मुलगी उठेना. मग म्हणाली, "आप्पा, मी फॉर्म भरला तर?"

ती बारावीला, पण आर्ट्सला. आर्मी विंगसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते; नेव्ही आणि एअर फोर्सला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. म्हणजे फॉर्म भरायला तिला अडचण नाही. अडचण पेपरात आहे. गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच, आणि तिनं दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही.

रात्री झोप लागली नाही. १९८५ साली दहावी झाल्या झाल्या मी तोफखान्यात भरती झालो. एनडीए नावाची परीक्षा असते, ती बारावीवर देता येते, हे मला देवळालीला ट्रेनिंगला गेल्यावर एका अधिकाऱ्याकडून कळलं. तोवर गावात कुणी बोललंच नव्हतं. म्हणून ठरवलं. उद्यापासून समाजमंदिरात संध्याकाळी साडेसातला बसायचं. जे येतील त्यांना घेऊन. परीक्षा १४ सप्टेंबरला आहे, हातात साडेतीन महिने. रोज काय केलं ते या वहीत लिहायचं. सर्व्हेअर होतो, लिहून ठेवल्याशिवाय मोजणीवर माझा विश्वास बसत नाही.

४ जून, बुधवार

तिघं आली. पुतणी, खालच्या आळीतल्या माजी हवालदारांची मुलगी, यंदाच बारावी सायन्स पास झालेली, आणि वाडीवरचा एक मुलगा, बारावी सायन्सला. तो पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालतो आणि मग कॉलेजला जातो.

आधी पेपर काय आहे ते फळ्यावर लिहिलं. गणित: १२० प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर ०.८३ वजा. कॅल्क्युलेटर नाही. दुपारी जनरल ॲबिलिटीचा पेपर, ६०० गुणांचा. लेखी मिळून ९००, आणि त्यात निवड झाली तर एसएसबीच्या मुलाखतीचे आणखी ९००. आम्ही इथं फक्त त्या पहिल्या ३००चं बघणार. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान ज्याचं त्यानं करायचं.

१५० मिनिटं, १२० प्रश्न. एका प्रश्नाला ७५ सेकंद. हे ऐकून मुलगा म्हणाला, "आप्पा, पंच्याहत्तर सेकंदांत तर प्रश्न वाचून होतो फक्त." खरं आहे ते.

युपीएससीच्या संकेतस्थळावर जुने पेपर असतात. तालुक्याला जाऊन चार पेपरांची झेरॉक्स काढून आणली, प्रत्येकी तीन प्रती. आज पेपर मुद्दाम दिला नाही. आठवी ते दहावीचे वीस सोपे प्रश्न दिले: अपूर्णांक, घातांक, वर्गसमीकरण, त्रिकोणमितीतली तीस-पंचेचाळीस-साठची किंमत. वीसपैकी पुतणीचे सात बरोबर, मुलाचे अकरा, हवालदारांच्या मुलीचे चौदा.

यातनं मला रस्ता कळला. अकरावी-बारावीच्या गणितात पोरं अडकतायत असं वाटतं, पण खरी अडगळ त्याच्याही खाली आहे.

९ जून, सोमवार

फॉर्म भरले. मुलींना फी नाही. मुलाला शंभर रुपये. पुतणीच्या फोटोवर दोनदा अडलं, तिसऱ्यांदा गेला. केंद्र तिघांनीही पुणे घेतलं. उद्या वटपौर्णिमा, समाजमंदिर बायकांना लागणार, सुट्टी.

१५ जून, रविवार

आज जुना पेपर पहिल्यांदा हातात दिला. सोडवायचा नाही, नुसता वाचायचा, असं सांगितलं. आणि इथं जे दिसलं त्यानं मी चकित झालो.

पेपर हिंदी आणि इंग्रजीत छापलेला असतो. आमची पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्यांच्या डोक्यातलं गणित मराठीत आहे, आणि ते तिसऱ्या रांगेत उभं राहतं. पुतणीला इंग्रजी जड जातं म्हणून ती हिंदी बाजू वाचत होती. एका प्रश्नाशी अडून बसली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "समांतर रेषांचा प्रश्न आहे, पण आकृतीच दिली नाही."

वाचलं तर 'समांतर श्रेढ़ी' होतं. म्हणजे आपली अंकगणिती श्रेढी. पहिलं पद, साधारण फरक, विसावं पद काढा. दहावीला तिनं असे पन्नास प्रश्न सोडवले असतील. तिला गणित येत होतं, फक्त त्याला हाक मारायचं नाव दुसरं होतं.

मग पूर्ण दोन तास आम्ही एक वही केली. तीन रकाने: मराठी, हिंदी, इंग्रजीचा उच्चार. संच – समुच्चय – सेट. संभाव्यता – प्रायिकता – प्रोबॅबिलिटी. वर्तुळ – वृत्त – सर्कल; आपल्याकडं वृत्त म्हणजे बातमी, नाहीतर कवितेचं. स्पर्शिका – स्पर्श रेखा – टँजंट. नैसर्गिक संख्या – प्राकृत संख्या. उन्नत कोन – उन्नयन कोण. मध्यक – माध्यिका – मीडियन. यात एक गंमत अशी की त्रिकोणाच्या मध्यगेलाही हिंदीत माध्यिकाच म्हणतात, म्हणून प्रश्न आकडेवारीचा आहे का भूमितीचा हे आधी बघायचं. आणि सगळ्यांत घोटाळ्याची जोडी: आपली मूळ संख्या म्हणजे हिंदीत अभाज्य, आणि हिंदीतलं मूल म्हणजे समीकरणाचं मूळ.

मॅट्रिक्सला 'आव्यूह' आणि डिटर्मिनंटला 'सारणिक' म्हणतात हे हवालदारांच्या मुलीलाही माहीत नव्हतं, पण तिनं ते इंग्रजीतच शिकलंय, तिला तो रकाना लागणार नाही. मुलगा मधल्या मध्ये आहे. दहावीपर्यंत मराठी, पुढं इंग्रजी, त्यामुळं 'सर्कल' वाचलं की तो मनात आधी 'वर्तुळ' म्हणतो आणि मग सूत्र शोधतो. त्या भाषांतरात त्याचे चार-पाच सेकंद जातात. पंच्याहत्तरातले चार-पाच.

तोफखान्यात आम्हाला पहिली शिकवण हीच होती: आधी टार्गेट ओळख, मग गोळ्याचा विचार. पोरांना रोज वहीतले दहा शब्द तोंडी विचारायचे ठरवलं. गणित सुरू करायच्या आधी.

२४ जून, मंगळवार

पाऊस. लाईट नाही. मेणबत्तीवर पाढे. बारावीची पोरं पाढे म्हणतायत म्हणून बाहेरून जाणारे हसले, हसू देत. सतराचा आणि एकोणिसाचा पाढा, तीसपर्यंत वर्ग, पंधरापर्यंत घन. कॅल्क्युलेटर नसेल तर हा दारूगोळा आहे.

मुलाचा अपूर्णांक अजून कच्चा. छेद वेगळा असला की लसावि न काढता तो थेट वरच्या-खालच्या संख्यांची बेरीज करतो. बारावी सायन्स. मी रागावलो नाही. भाकरी आणवली. अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी ताटात ठेवली. "दोन्ही मिळून दोन पंचमांश झाली म्हण." त्यानं बघितलं. दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी. पुन्हा ती चूक करणार नाही असं वाटतं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. मुलाचे आजोबा वारीला गेलेत, गुरं त्याच्या एकट्याच्या अंगावर, त्यामुळं आठवडाभर तो येऊ शकला नाही. मुलींना बायनरी शिकवलं, अभ्यासक्रमात आहे ते. वाण्याच्या वजनांसारखी चिठ्ठ्यांची वजनं केली: १, २, ४, ८, १६. प्रत्येक वजन एकदाच वापरायचं. २५ कसे तोलाल? सोळा, आठ आणि एक. ठेवलं त्याला १, नाही ठेवलं त्याला शून्य: ११००१. दहा मिनिटांत दोघींना आलं.

१० जुलै, गुरुवार

आज पाऊस उघडला म्हणून तिघांना हायस्कूलच्या मैदानावर नेलं. आजचा धडा माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडियन. पोरांनी पाठ केलंय की पाय (π) रेडियन म्हणजे १८० अंश. पण रेडियन काय आहे विचारलं तर तिघंही गप्प. दहा मीटरची सुतळी घेतली. एक टोक खुंटीला, दुसऱ्या टोकाला चुन्याची पिशवी. मुलानं वर्तुळ मारलं. मग त्याच सुतळीची लांबी, दहा मीटर, त्या वाकड्या रेषेवर अंथरली. जिथं संपली तिथपर्यंत खुंटीपासून दोन रेषा मारल्या. "हा जो कोन झाला, तो एक रेडियन." शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजला, सत्तावन्न अंशांच्या आसपास आला. पूर्ण वर्तुळाभोवती सुतळी किती वेळा बसेल? सहा वेळा पूर्ण बसली, आणि सातव्यांदा पाव सुतळीच्या वर थोडी लागली. सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश. दोन पाय. पुतणीनं सुतळी हातात धरून ठेवली, सोडेना.

मग मी त्यांना आमचा मिल सांगितला. रेडियनचा हजारावा भाग म्हणजे मिल. वर्तुळात ते खरे भरतात ६२८३ च्या आसपास, पण ६२८३ला कुणी भागत बसायचं? म्हणून आमच्या उपकरणांवर वर्तुळाचे ६४०० भाग. ६४०० अर्धं करत जा: ३२००, १६००, ८००, ४००, २००, १००, ५०, २५. आठ वेळा अर्धं केलं तरी अपूर्णांक येत नाही. लढाईत डोक्यात हिशोब करायचा असतो, थोडी अचूकता सोडून सोय घेतली.

आणि या मिलचा उपयोग असा की हजार मीटरवरची एक मीटर उंचीची वस्तू एक मिलचा कोन करते. दहा मीटरवर एक सेंटिमीटर. हात ताठ धरला तर एका बोटाची रुंदी साधारण ३० मिल. मैदानापलीकडचा विजेचा खांब, उंची आठ मीटर धरली. मुलानं एक डोळा मिटून बोट आडवं धरलं. खांब बरोबर एका बोटात मावला. आठ गुणिले हजार, भागिले तीस. "दोनशे सहासष्ट मीटर आप्पा!" पावलांनी मोजून आला, पावणेतीनशेच्या जवळ भरलं.

परत येताना रस्त्यात तो एकदम थांबला. म्हणाला, "आप्पा, म्हणजे लहान कोनाला साइन काढायचीच गरज नाही. कोन आणि साइन एकच." मी म्हटलं, कोन रेडियनमध्ये असेल तर. "मग ते लिमिटमधलं, साइन एक्स भागिले एक्स बरोबर एक, ते हेच का?" हेच. कॉलेजात त्यानं ते वर्षभर पाठ केलं होतं.

एवढ्यासाठी सव्वीस वर्षांची नोकरी कामाला आली असं वाटलं.

१९ जुलै, शनिवार

डिटर्मिनंट. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: एक दोन तीन, चार पाच सहा, सात आठ नऊ. किंमत काढा.

मुलानं विस्तार केला. पंचेचाळीस वजा अठ्ठेचाळीस... छत्तीस वजा बेचाळीस... तीन मिनिटं. उत्तर शून्य. बरोबर. हवालदारांच्या मुलीनं पेन उचललं नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाली शून्य. कसं? "पहिली आणि तिसरी ओळ मिळवली की मधलीची दुप्पट होते. म्हणजे ओळी एकमेकींवर अवलंबून आहेत." पंधरा सेकंद.

तिला विचारलं, हे कॉलेजात शिकवलं का? म्हणाली, नाही, परवा जुने पेपर वाचताना लक्षात आलं की ते असलेच आकडे देतात, जे विस्तार न करता दिसतात. ही पोरगी पेपर करणाऱ्याच्या डोक्यानं बघायला लागली आहे. आजपासून नियम: हात चालवायच्या आधी दहा सेकंद नुसतं बघायचं.

२७ जुलै, रविवार

पहिला पूर्ण पेपर. सकाळी दहा ते साडेबारा, परीक्षेच्याच वेळेला. निकाल:

हवालदारांची मुलगी: ४४ बरोबर, ४० चूक. ७६.८०.
मुलगा: ३९ बरोबर, ६१ चूक. ४६.८७.
पुतणी: २१ बरोबर, २९ चूक. २८.४३.

आम्ही किमान ७५ धरून चाललोय, म्हणजे ३००चे पंचवीस टक्के. अलीकडच्या काही वर्षांत लेखीचा कटऑफ ९०० पैकी तीनशेच्या आसपास राहिला आहे, पण एकेका पेपरात किमान टक्केवारी लागते. तेव्हा गणितात तळाला राहून चालत नाही.

मुलाचा आकडा बघा. ३९ बरोबर म्हणजे साडेसत्त्याण्णव गुण त्यानं कमावले होते. ५०.६३ हातानं परत दिले. तो म्हणाला, "सोडलं तर भ्यालो असं वाटतं." रात्रभर मी त्याच वाक्यावर होतो.

३ ऑगस्ट, रविवार

आज एक प्रयोग केला. माझ्या टोपीत चार चिठ्ठ्या: एकीवर फुली, तीन कोऱ्या. डोळे मिटून काढायची. फुली आली तर अडीच गुण, कोरी आली तर ०.८३ वजा. चोवीस वेळा.

मुलाला चार फुल्या मिळाल्या. दहा गुण कमावले, १६.६० गेले. उणे ६.६०. तो म्हणाला नशीब खराब. मग हिशोब मांडला. चारात एक, म्हणजे चोवीसात सरासरी सहा फुल्या यायला हव्यात. सहा गुणिले अडीच, पंधरा. अठरा गुणिले ०.८३, चौदा पूर्णांक चौऱ्याण्णव. शिल्लक सहा शतांश. म्हणजे आंधळा नेम मारला तर सरासरीनं हातात काहीच येत नाही; नशीब चांगलं असेल तर थोडं वर, वाईट असेल तर थोडं खाली. ०.८३ हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो मुद्दाम असाच ठेवला आहे.

आता एक कोरी चिठ्ठी काढून टाकली. तीन राहिल्या. चोवीसात आठ बरोबर, वीस गुण. सोळा चूक, १३.२८. शिल्लक ६.७२. आणखी एक कोरी काढली. दोन राहिल्या. बारा बरोबर, तीस. बारा चूक, ९.९६. शिल्लक वीस.

"म्हणजे," पुतणी म्हणाली, "एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तरी पुरतं?" हो. उत्तर ठाऊक नसेल, पण दोन पर्याय का खोटे ते ठाऊक असेल, तर मार. काहीच ठाऊक नसेल तर सोड आणि पुढं चल. त्या वेळात दुसरा प्रश्न होतो.

मुलाला वेगळं घेऊन बसलो. त्याला सांगितलं की गोळा मोजून मिळतो. ऑब्झर्व्हरला टार्गेट दिसत नसेल तर तो फायर मागत नाही, आणि म्हणून त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. तो काही बोलला नाही. जाताना टोपीतल्या चिठ्ठ्या मागून घेऊन गेला.

संभाव्यतेचा धडा वेगळा घ्यायची गरजच उरली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुतणीचं कॅल्क्युलस. इतके दिवस मी ते टाळत होतो. मनात होतं की आर्ट्सच्या मुलीनं कॅल्क्युलस सोडून द्यावं, दहावीच्या जिवावर जेवढं होईल तेवढं करावं. ही माझी चूक होती आणि ती नोंदवतो. पेपरात कॅल्क्युलसचे प्रश्न थोडेथोडके नसतात, आणि काही अगदी प्राथमिक असतात. मी तिचं दार आधीच लावून टाकलं होतं. एक दिवस तिनंच विचारलं, "ते मला का शिकवत नाही?"

दहावीच्या भूमितीत 'चढ' आहे. रेषेचा चढ. तिथून सुरू केलं. खंबाटकी घाटात एसटी चढते तेव्हा सगळीकडं सारखा चढ नसतो, मग एका ठिकाणचा चढ कसा सांगणार? दोन ठिकाणं घ्यायची आणि जवळ आणत जायची. संख्येच्या वर्गाचा आलेख काढला. ३ आणि ४ मधला चढ: सोळा वजा नऊ, सात. ३ आणि ३.१ मधला: ९.६१ वजा ९, भागिले ०.१, सहा पूर्णांक एक. ३ आणि ३.०१ मधला तिनं स्वतः केला: ६.०१. मग बोटांनी आलेखावर ३च्या जागी टेकली आणि म्हणाली, "इथं सहा आहे."

पाचच्या जागी? तिनं पुन्हा दोनच पायऱ्या केल्या, ११ आणि १०.१. "दहा." मग थांबून, "दुप्पट. कुठंही दुप्पट."

वर्गाचं डेरिव्हेटिव्ह तिनं स्वतः शोधलं. सूत्र मी नंतर सांगितलं. महिन्याभरात बहुपदी, साइन-कोसाइन आणि उतरत्या-चढत्या फलांपर्यंत जायचं, इंटिग्रेशनचं फक्त तोंडओळख. वेळ गेला याची हळहळ वाटते. जूनपासून घेतलं असतं तर.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. तिघंही आली. वर्ग नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दुसरा पूर्ण पेपर. या वेळी ओएमआरसारखी पत्रिका छापून घेतली, काळ्या बॉलपेननं गोळे भरायचे.

मुलगा: ४७ बरोबर, २२ चूक. ९९.२४. एकावन्न प्रश्न सोडले. पेपरावर प्रत्येक सोडलेल्या प्रश्नापुढं त्यानं बारीक फुली केली होती, चिठ्ठीवर होती तशी.

पुतणीचा पेपर तपासायला घेतला आणि पोटात गोळा आला. २२ बरोबर, ३८ चूक. २३.४६. गेल्या वेळेपेक्षाही कमी. पण तिची कच्ची आकडेमोड बघत होतो तर उत्तरं बरोबर दिसत होती. मग कळलं. ४१वा प्रश्न तिनं सोडला, आणि ४२चं उत्तर ४१च्या गोळ्यात भरलं. तिथून ५८पर्यंत सगळं एक घर सरकलं. पुस्तिकेवरच्या खुणांनी मोजलं तर ३३ बरोबर, २७ चूक, ६०.०९.

प्रश्न सोडायचं मीच शिकवलं, आणि सोडल्यावर घर सरकतं याचा विचार मी केला नव्हता. गनवर एक अंश वाचायला चुकला तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही गोळा भलतीकडं जातो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

ती रडली नाही, पत्रिका घेऊन बराच वेळ बसली. मग दोघांनी मिळून रीत ठरवली. उत्तर आधी पुस्तिकेवर गोल करायचं. एका पानाचे प्रश्न झाले की एकदम भरायचे, भरताना प्रश्नाचा क्रमांक ओठात म्हणायचा. आणि दर दहाव्या प्रश्नाला थांबून बघायचं: पुस्तिकेवर दहा, पत्रिकेवर दहा. रोज तीस गोळ्यांची नुसती भरणी, त्यात मुद्दाम प्रश्न सोडलेले. बाकी दोघांनाही तेच.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. समाजमंदिरात मंडळाचा गणपती, दहा दिवस आम्हाला जागा नाही. आमच्या सोप्यात बसतोय. आरतीच्या वेळी स्पीकर लागतो, तेव्हा शब्दांची वही घेतो. ओरडून विचारावं लागतं. "मध्यक!" "माध्यिका!" माझ्या आईला वाटतं आम्ही भांडतोय.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज शेवटचा पूर्ण पेपर.

हवालदारांची मुलगी १३१.७२. ५८ बरोबर, १६ चूक. हिच्याबद्दल या वहीत मी कमी लिहिलं, कारण तिला माझी गरज कमी होती. पण सोबत बसायला जागा आणि वेळ पाळणारी माणसं तिलाही हवीच होती, हे तिनंच सांगितलं.

मुलगा १०४.२४. ४९ बरोबर, २२ चूक.

पुतणी: ३६ बरोबर, १४ चूक. ७८.३८. घरं सगळी जागच्या जागी. त्या ३६ मधले पाच कॅल्क्युलसचे.

आता नवीन काही शिकवणार नाही. वही, पाढे, झोप.

१४ सप्टेंबर, रविवार

काल दुपारी एसटीनं पुण्याला आलो, कात्रजला मेहुण्यांकडं उतरलो. खंबाटकीत पुतणीनं खिडकीतून बाहेर बघत हातानं चढ दाखवला, मला कोपरानं ढोसलं.

केंद्राचं दार पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं, म्हणून साडेआठलाच पोचलो. बाहेर शेकडो पालक. कुणी कोल्हापूरकडचे, कुणी सोलापूरकडचे, बरेचसे माझ्यासारखे माजी सैनिक, चालण्यावरनं ओळखू येतात. साडेबाराला पोरं बाहेर आली.

मुलगा आधी बोलला. "एकूणऐंशी सोडवले, एकेचाळीस सोडले. एकपण आंधळा नाही." हवालदारांच्या मुलीनं ८४ केले. पुतणी पाणी पीत होती. मी घाई केली नाही. बाटली संपवून म्हणाली, "त्रेपन्न. दर दहाला थांबले." दोन वाजता दुसरा पेपर होता, डबा खाऊन परत आत गेली.

१७ सप्टेंबर, बुधवार

निकाल लागायचा आहे. तो आला की लिहीन.

आज साडेसातला सवयीनं समाजमंदिर उघडलं. मुलगा आधीच पायरीवर बसला होता. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, त्याला अजून संधी आहेत. पुढची परीक्षा १२ एप्रिल २०२६ला. त्याच्यासोबत वाडीवरची अकरावीतली दोन पोरं होती. त्यानं त्यांना शब्दांची वही उतरवून काढायला दिली होती.

आपण त्रिमितीय भूमिती आणि सदिश जवळजवळ सोडून दिलं होतं, या वेळी तिथून सुरू करायचं असं तो म्हणाला. मी म्हटलं आधी अपूर्णांक. त्यानं त्या दोघांकडं बघितलं आणि घरी भाकरी आणायला गेला.